ह हत्तीचा

पहिलीत आमची गाडी अडली ती 'ह' या अक्षरापाशी. तक्त्यावर सोंडवाल्या जनावराचं चित्र, आणि मास्तर छडी टेकवून म्हणायचे, "ह हत्तीचा." आमच्या घरी कानडी. कानडीत हत्ती म्हणजे कापूस, आणि चित्रातल्या जनावराला आम्ही 'आने' म्हणायचो. आमच्यातल्या एकानं घरी जाऊन बापाला सांगितलं, की मराठीत कापसाला चार पाय असतात. बाप हसला, पण पोराला खरं काय ते कुणीच सांगितलं नाही. मास्तरांना कानडी येत नव्हतं आणि बापाला शाळा.

गाव दक्षिण सोलापुरातलं, भीमेच्या अलीकडचं. तिकडं अक्कलकोटकडं कानडी शाळा होत्या, आमच्या गावात मात्र एकच, मराठी. भाषा मिसळण्याची गोष्ट या मुलखात आजची नाही. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा शिलालेख आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला, आणि मराठीच्या अगदी पहिल्या लेखांत तो धरला जातो. जो हे वाचील तो विजयी होईल, असा त्यातल्या मराठी ओळीचा अर्थ. आता बघा, मराठीची इतकी जुनी ओळ जिथं सापडली, त्याच पट्ट्यात घरोघरी कानडी. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांची वचनं कानडीतली. त्यात गिरण्यांच्या आणि मागांच्या पायी पद्मशाली मंडळी तेलुगू घेऊन आली, ती वेगळीच. बाजारात कुणाचं काही अडत नव्हतं. अडायचं ते शाळेत.

माझी अक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. एकदा मास्तर तिच्यावर ओरडले, "ऊठ!" तिनं भाकरीचं फडकं सोडलं. कानडीत 'ऊट' म्हणजे जेवण. मास्तर एवढ्या मोठ्यानं जेवायला सांगतायत म्हटल्यावर ती बिचारी काय करणार? मस्करी केली म्हणून तिला छड्या बसल्या. पुढं एक दिवस उशीर झाला, दारात उभी राहून म्हणाली, "मी आलो." वर्ग हसला, मास्तरही हसले, आणि त्या दिवसापासून तिचं नावच 'तो' पडलं. कानडीत 'मी आलो' आणि 'मी आले' असा फरकच नाही. बाई बोलो की बाप्या, क्रियापद एकच. (कोल्हापूरकडच्या बायका सर्रास 'मी आलो' म्हणतात, पण ते आम्हाला फार उशिरा कळलं.) तिसरीत अक्कानं शाळा सोडली. मठ्ठ आहे, असा निरोप घरी आला. अप्पांनी दोन शेळ्या घेऊन दिल्या.

1970 साली नवे गुरुजी आले. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. पंढरपूरकडचे, कानडीचा एक शब्द येत नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी खडू हातात घेतला आणि विचारलं, "पाण्याला घरी काय म्हणता?" आम्ही गप्प. कानडी बोललं की मार, हे आम्हाला पाठ होतं. ते थांबले. प्रश्न विचारला की ते फार वेळ थांबायचे, दुसऱ्या मास्तरांसारखं स्वतःच उत्तर देऊन मोकळे व्हायचे नाहीत. शेवटी मागून कुणीतरी पुटपुटलं, "नीरु." गुरुजींनी फळ्यावर देवनागरीत 'नीरु' लिहिलं, शेजारी 'पाणी' लिहिलं. मग जोळ आणि जोंधळा, हालु आणि दूध. 'तुप्प'पाशी आल्यावर ते म्हणाले, "हे तर आमचं तूपच की रे! तुमच्याकडूनच नेलेलं दिसतंय." अण्णा नि अक्काही तिकडूनच आलेले, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की मराठी आपली कुणीतरी लागते.

ते कानडी बोलायचे तेव्हा आम्ही पोट धरून हसायचो. ते हसू द्यायचे आणि म्हणायचे, "चुकलं काय? मग सांग नीट." आम्ही त्यांचं सुधारायचो. मग आमचं चुकलं की ते सुधारायचे, पण हसायचे नाहीत. एखाद्यानं कानडीत उत्तर दिलं तर 'मराठीत बोल' असं दरडावणं नाही. उत्तर बरोबर असेल तर मान हलवायचे आणि तेच वाक्य मराठीत सावकाश म्हणायचे. दोन-तीनदा कानावर पडलं की पोरगं आपसूक तसं म्हणायचं.

खरा घोळ तो-ती-तेचा. कानडीत माणसांपुरतं बाई-बाप्या बघतात, बाकी जनावर असो की वस्तू, सगळं 'अदु'. मराठीत मात्र खुंटीवरच्या वस्तूंनाही लिंग. गुरुजी आम्हाला गोठ्यात घेऊन गेले. तो कासरा, ती वेसण, ते दावं. बाहेर तो नांगर, ती कुदळ, ते खोरं. वस्तू हातात घ्यायची आणि म्हणायचं. मी विचारलं, "वेसण बाई का?" ते म्हणाले, "मलाही ठाऊक नाही. कारण विचारू नको, ऐकत राहा, बसेल." मास्तरला ठाऊक नसतं हे मास्तरानंच सांगितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

दिवस बरे नव्हते. 1967 साली महाजन आयोगाचा अहवाल आला, तेव्हापासून अक्कलकोट तिकडं जाणार का, हीच चर्चा पारावर होती. अशात दिपोटी तपासणीला आले आणि फळ्यावरचं कानडी बघून तडकले. मराठी शाळेत हे काय चाललंय? गुरुजी एवढंच म्हणाले, "साहेब, मुलांना मराठीत काय वाटेल ते विचारा." साहेबांनी चौथीला दहा मिनिटं विचारलं. शेरा काय लिहिला ते आम्हाला कळलं नाही, पण फळा पुसायला कुणी सांगितलं नाही.

ही गोष्ट नुसती मराठी शाळेची नाही. इंग्रजी अमलात धारवाडकडच्या कानडी पोरांना मराठी शाळांत बसावं लागायचं. तिथं कानडी शाळांसाठी झटले ते डेप्युटी चन्नबसप्पा. म्हणजे एक दिपोटी असाही होऊन गेला. आणि उलट्या दिशेचं उदाहरण आमच्या सोलापुरातच. द. रा. बेंद्रे 1944 ते 1956 इथं डी.ए.व्ही. कॉलेजात कानडी शिकवत होते. घरची भाषा मराठी, आणि झाले कानडीचे मोठे कवी. पुढं ज्ञानपीठ मिळालं.

गुरुजींचंही सगळं साधलं असं नाही. आमच्या वर्गात एक वडाराचा पोरगा होता, त्याच्या घरी तेलुगूसारखी बोली. फळ्यावर दोन रकाने होते, त्याचा तिसरा कधी पडला नाही. तो आमच्या कानडीलाही हसायचा नाही, कारण तीही त्याला नीट कळायची नाही. दिवाळीनंतर तो दिसेनासा झाला. गुरुजी दोनदा पालावर जाऊन आले. पाल उठलं होतं.

अक्का तोवर शाळेच्या वयातून गेली होती. रात्री चिमणीच्या उजेडात मी तिच्यापुढं गुरुजी व्हायचो. 'ह'शी आल्यावर मी कापूसही काढला आणि सोंडही काढली. ती बराच वेळ पाटीकडं बघत राहिली, मग म्हणाली, "एवढंच होतं होय!" 1972 च्या दुष्काळात ती आणि अव्वा खडी फोडायला जायच्या. हजेरीपटावर अव्वा अंगठा उठवायची. अक्कानं पहिल्या आठवड्यात अंगठाच दिला, कारकुनासमोर पेन धरायला लाजली म्हणून. दुसऱ्या आठवड्यात सही केली. पाच अक्षरांना इतका वेळ लागला, की मागच्या बायका कुरकुरायला लागल्या.

आता ती सत्तरीकडं आलीय. मराठी पेपर वाचते, कीर्तनाला जाते, नातवंडांना दोन्ही भाषांत रागावते. परवा माझ्या दारात येऊन तिनं हाक मारली, "दार उघड रे, मी आलो." आत सून होती. तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "या आत्या, बसा. चहा टाकते."