दुष्काळात तण कशाला म्हणावे? थरच्या वाळवंटातील वनस्पती-ओळखीचा इतिहास

१/१० ‘तण’ हा शब्द शेतकऱ्याचा. निसर्गाला तो ठाऊक नाही. थरच्या वाळवंटात तर त्याचा अर्थ वर्षागणिक पालटत आला. सुकाळात जे उपटून फेकायचे, तेच दुष्काळात वेचून दळायचे. तेथे रानफुले आणि तणे ओळखणे ही जीव वाचवणारी विद्या होती. हा थ्रेड त्या विद्येविषयी.

२/१० १८०८ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन काबूलच्या शहाकडे वकिलात घेऊन निघाला, तो बिकानेरमार्गे. पुढे पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर झालेला हाच तो एल्फिन्स्टन. इतक्या कोरड्या मुलखात रसाळ टरबुजे मुबलक पिकतात, याचे त्याला मोठे नवल वाटले.

३/१० या टरबुजाला मारवाडात ‘मतीरा’ म्हणतात. त्याच वाळूत त्याचा सख्खा भाऊबंद पसरतो: ‘तुंबा’, म्हणजे आपले कडू वृंदावन. वेल जमिनीसरपट, पाने तशीच खोल कातरलेली, फुले तशीच पिवळी. फळ मात्र चेंडूएवढे, पिकल्यावर पिवळे. गर जहाल रेचक. तहानलेल्याने येथे चूक करून चालत नाही.

४/१० तरीही तुंबा टाकाऊ नाही. बिया वेगळ्या काढून, पुन्हा पुन्हा धुऊन त्यांचा कडवटपणा घालवायचा आणि ते पीठ बाजरीत मिसळायचे, ही तेथील दुष्काळातील रीत. वनस्पती ओळखणे म्हणजे तिचा कोणता भाग, कोणत्या संस्कारानंतर पोटात जाऊ शकतो हे जाणणे.

५/१० १८६८-६९. राजपुतान्यावर भीषण दुष्काळ कोसळला. १८६९ साली जॉर्ज किंग या वैद्यक खात्यातील अधिकाऱ्याने मारवाडातील दुष्काळी अन्नावर टिपण लिहिले. ते बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या कार्यवृत्तात छापले गेले. हाच किंग १८९० मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचा पहिला संचालक झाला.

६/१० त्या दुष्काळात लोकांनी खेजडीची, म्हणजे आपल्या शमीची, गोडसर साल दळून खाल्ली. ‘भुरट’ हे गवत तर एरवी वैताग आणणारे: त्याची काटेरी बोंडे कपड्यांना नि जनावरांच्या अंगाला चिकटतात. पण बोंडाच्या आत दाणा असतो. काटे झाडून काढले की त्याची भाकरी होते.

७/१० सराटा, म्हणजे गोखरू, आपल्याही माळावर आहे. पाच पाकळ्यांचे पिवळे फूल. समोरासमोरच्या दोन पानांपैकी एक मोठे, एक लहान. फळाचे पाच तुकडे, प्रत्येकावर तीक्ष्ण काटे. पायात रुतणारे हे फळही टंचाईत दळले गेले. दारिद्र्याने माणसाला काट्यांतही धान्य पाहायला शिकवले.

८/१० या वनस्पतींची शास्त्रीय नोंद व्हायला मुंबईचा हातभार लागला. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी एफ. हॉलबर्ग यांनी जोधपूर-जैसलमेरच्या वनस्पतींवर लेखमाला लिहिली. ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९१८ ते १९२१ या काळात प्रसिद्ध झाली. पुढे १९७८ मध्ये एम. एम. भंडारी यांचा भारतीय वाळवंटाच्या वनस्पतींवरील ग्रंथ आला.

९/१० आता उलटी गोष्ट. अमेरिका खंडातील विलायती बाभूळ १८७७ मध्ये सिंधमध्ये आणली गेली. १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने तिला ‘शाही वृक्षा’चा मान दिला. आज तीच स्थानिक झाडोऱ्याची जागा बळकावते. महाराष्ट्रात तिला ‘वेडी बाभूळ’ म्हणतात. पाने दुरून शमीसारखी दिसतात. खूण काट्यांत आहे: शमीचे काटे आखूड आणि फांदीभर विखुरलेले, तर वेड्या बाभळीचे पेरापाशी जोडीने.

१०/१० म्हणजे उपाशी माणसाने तणाला अन्नाचा मान दिला आणि राजाज्ञेने गौरवलेले झाड कालांतराने तण ठरले. झाडाला पदवी माणूस देतो. तिचा निकाल जमीन आणि दुष्काळ लावतात. कागदावर दाबून ठेवलेला नमुना शंभर वर्षे टिकतो. भुरटाचा दाणा काट्यांतून कसा सोडवावा हे मात्र हातांनी हातांनाच शिकवावे लागते. ते हात थांबले, तर पुढच्या दुष्काळात नाव उरेल, अन्न उरणार नाही.