एका अक्षरावरील लहानसे वर्तुळ

‘चार’ आणि ‘चारा’ या दोन शब्दांत ‘च’चा उच्चार निराळा, पण लिहिताना अक्षर मात्र एकच. आपल्याला त्याची अडचण भासत नाही. मराठी शिकणारा परदेशी धर्मगुरू तेथे हटकून अडखळतो. सोळाव्या शतकात जपानमध्ये गेलेल्या येशूसंघीयांसमोर अशीच अडचण उभी राहिली.

जपानी काना लिपीतील आजच्या ‘ह’ या अक्षराचा उच्चार त्या काळी ‘फ’च्या जवळचा होता. म्हणूनच मार्टिनो हारा या जपानी तरुणाने १५८७ साली गोव्यात केलेले लॅटिन भाषण पुढील वर्षी तेथे छापले गेले, तेव्हा त्याचे आडनाव ‘फारा’ असे पडले. याच अक्षराने ‘ब’ आणि ‘प’ हेही ध्वनी लिहीत. ‘ब’साठी दोन बारीक रेघा देत, पण तो नियम नेहमी पाळला जात नसे; ‘प’साठी तर सर्वमान्य खूण नव्हती. जाणता वाचक संदर्भाने समजून घेई. नवख्याने काय करावे?

फादर अलेस्सांद्रो वालिन्यानो यांनी युरोपातील छापखाना गोव्यामार्गे १५९० साली जपानला नेला. येशूसंघाच्या या छपाईकार्यातून १५९८ साली ‘राकुयोशू’ हा चिनी अक्षरांचा कोश निघाला. त्यात ‘ह’च्या उजव्या खांद्यावर इवलेसे वर्तुळ देऊन ‘प’ दाखविला आहे. या खुणेच्या सातत्यपूर्ण वापराचा हा अगदी आरंभीचा दाखला मानला जातो.

तो काळ कोणता, हे आम्ही वाचकांच्या ध्यानात आणून देऊ इच्छितो. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी ठार करण्यात आले. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया त्यांतच होते. येशूसंघाचे तिघे जपानीही होते. त्यानंतरच्याच वर्षी, पुन्हा तलवार केव्हा उगारली जाईल याची शाश्वती नसताना, त्यांचे बंधू परक्या भाषेतील एका ध्वनीला न्याय देत बसले होते.

१६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. छापखाना मकावला गेला. तेव्हा धर्मगुरू झालेले हारा यांनाही देश सोडावा लागला. १६२९ साली मकावलाच त्यांचे निधन झाले. वर्तुळ मात्र पुढे जपानी लिपीत रूढ झाले. आज ‘निप्पोन’ हे देशाचे नाव कानामध्ये लिहिताना ते द्यावेच लागते.

सुवार्ता सांगणाऱ्याने आधी कान देऊन ऐकावे, हाच धडा आम्हांला त्या वर्तुळात दिसतो.