ती तीस मिनिटे

आजचा भाग बसवनगुडीतून. निवृत्तीनंतर मी इथेच राहतो आणि सकाळी नॅशनल कॉलेजच्या मैदानाकडे फिरायला जातो. रविवारी पोरांचे सामने असतात. शेवटचा चेंडू पडला की पोरं किट उचलतात आणि स्कूटरवर मागे बसून थेट क्लासला. खेळ संपल्यानंतरच्या अर्ध्या तासाकडे कोणाचंच लक्ष नसतं. आज त्या अर्ध्या तासाचा इतिहास सांगतो.

1952, हेलसिंकी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 57 किलो गटात लढत होते. जपानच्या शोहाची इशीबरोबरची कुस्ती लांबली, खाशाबा हरले. लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवशी लढायला बोलावणं आलं. दोन कुस्त्यांमध्ये निदान 30 मिनिटांची विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो दाखवून भांडायला एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेल्या अंगाने खाशाबा उतरले आणि हरले. त्यांना कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, हे कोण सांगणार? पण हक्काची 30 मिनिटं गेली, हे खरं.

गंमत बघा, हे ज्ञान आपल्याकडे नव्हतं असं नाही. कोल्हापूरच्या तालमीत मेहनत झाली की घामेजल्या अंगाला तांबडी माती लावतात, अंग हळूहळू निवू देतात. मग मालीश, थंडाई, खुराक, झोप. कोणाचा खांदा दुखतोय, हे वस्तादाला चालण्यावरूनच कळतं. अमेरिकेत याच कामाचा रीतसर पेशा झाला. 1917 मध्ये एस. ई. बिलिक यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि 1950 मध्ये, म्हणजे हेलसिंकीच्या दोनच वर्षं आधी, अशा ट्रेनरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आपल्या क्रिकेट संघात अली इराणी फिजिओ म्हणून दिसू लागले ते 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात.

आता माझी चूक सांगतो. तरुण अधिकारी असताना आमच्या तुकडीतला एक धावपटू नडगी दुखते म्हणाला. मी म्हणालो, "जवान आहेस, सहन कर." तो धावला. पुढे एक्स-रे काढला तर हाडाला बारीक तडा. त्याचा तो मोसम गेला. शिस्त म्हणजे सोसणं, असं मला वाटत होतं. पुण्यात 2001 साली आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट सुरू झाली. खेळाडूच्या दुखापतीकडे शास्त्रीय नजरेने बघायला लष्करही शिकलं. मी मात्र उशिरा शिकलो.

या मैदानाशेजारच्या नॅशनल कॉलेजात अनिल कुंबळे शिकले. 2002 मध्ये अँटिग्वात जबडा मोडलेला असताना पट्टी बांधून त्यांनी 14 षटकं टाकली, लाराला बाद केलं. ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या आधी खांद्याची शस्त्रक्रिया झाली होती, 2001 ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका हुकली होती, हे किती जणांना आठवतं? त्यांच्या 619 कसोटी बळींपैकी निम्म्याहून जास्त त्या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. ते 14 षटकांच्या हिमतीवर नाही, खांदा पुन्हा उभा करणाऱ्या कंटाळवाण्या महिन्यांवर मिळाले.

तेव्हा पालकांनो, सामना संपला की पोराला लगेच स्कूटरवर बसवू नका. दहा मिनिटं चालू द्या, पाणी द्या, ओला शर्ट बदलायला लावा, पोटभर खाऊ घाला. आणि "किती धावा काढल्यास?" याच्या आधी "कुठे दुखतंय का?" हे विचारा. दुखत असेल तर "आज नाही" म्हणायचा अधिकार ट्रेनरला द्या.

खाशाबांसाठी ती 30 मिनिटं मागणारं कोणी नव्हतं. तुमच्या पोरासाठी तुम्ही आहात.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.