डीजे आणि मूत्रवाहिनीची लाट

मूतखड्याच्या पेशंटला डीजे, म्हणजे मूत्रवाहिनीत ठेवायची नळी, टाकली की वॉर्डात हमखास ऐकू येतं, "सिस्टर, लघवीला बसलं की कमरेत कळ जाते." पुण्यात युरोलॉजीच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) माझी सारी नोकरी झाली. ही कळ कुणी 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावली की मला राग यायचा, कारण ती खरी असते.

ती का येते हे कळायला आधी मूत्रवाहिनी समजून घ्यावी लागते. पुण्याचं ससून रुग्णालय सुरू झालं 1867 मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी हॉलंडमधल्या उट्रेख्टला शास्त्रज्ञ एंगलमान यांनी मूत्रवाहिनीवरचं आपलं संशोधन छापलं. मेंदूच्या हुकमावाचून हा स्नायू आपला आपणच आकुंचन पावतो, असं त्यांनी मांडलं. मूत्रपिंडापाशी लाट उठते, मिनिटाला 2 ते 6 वेळा, आणि लघवी थोडी थोडी खाली ढकलते. म्हणून तर माणूस आडवा झोपला तरी काम अडत नाही.

याच मूत्रवाहिनीत 1967 मध्ये अमेरिकेत डॉ. झिम्सकिंड यांनी दुर्बिणीतून सिलिकॉनची सरळ नळी ठेवली. पण अशा नळ्या जागेवरून सरकायच्या. 1978 मध्ये डॉ. रॉय फिनी यांनी दोन्ही टोकांना आकडे दिले, एक मूत्रपिंडात, एक मूत्राशयात; हाच डबल-जे, म्हणजे डीजे. ओटीत मी ते रोज पाहिलं: जेमतेम 2 मिलिमीटर जाडीची नळी गाइडवायरवर, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तारेवर, सरळ चढते आणि वायर ओढून घेतली की टोकं आपोआप वळतात.

सरकू नये म्हणून असा आकार दिलेली नळी लाटच मंद करते. सुरुवातीला स्नायू झगडतो, भराभर आवळतो. मग लाटा क्षीण होतात, जवळजवळ थांबतात, आणि वाट सैल, रुंद होते. पुढच्या वेळी दुर्बीण सहज आत जाते ती यामुळेच. लघवी मात्र आता नळीतून आणि नळीच्या कडेने नुसती झिरपते. खालच्या तोंडाशी उलटा प्रवाह अडवणारी सोय असते, तीही नळीमुळे निकामी होते. लघवी करताना दाब वाढला की ती वर मूत्रपिंडाकडे चढते. पेशंट सांगतो ती कळ हीच.

नळी काढल्यावर लाट हळूहळू परत येते. धोका असतो तो नळी काढायचं विसरण्याचा. त्रास अंगवळणी पडतो, माणूस गावी जातो आणि इकडे नळीवरच खडे साठू लागतात. म्हणून आमच्या रजिस्टरात नळी काढायची तारीख लाल शाईने असायची. जुन्नर-बार्शीकडच्या पेशंटांच्या नावापुढे शेजारच्या किराणा दुकानाचाही नंबर मी लिहून घ्यायचे.