मुक्कामाचं रजिस्टर: ताडोब्याची स्वस्त खोली आणि जालन्याची सराई

मागच्या उन्हाळ्यात मामेभावाचा फोन आला. जालन्याहून दोन गाड्या करून घरची सगळी मंडळी ताडोब्याला निघाली होती. "तू पीएचडी करतेयस ना, मग तेवढं स्वस्तातलं राहायचं शोधून दे," दादा म्हणाला. आमच्या घरी पीएचडीचा उपयोग साधारण एवढाच आहे.

मी तक्ता केला. मोहर्ली गेटच्या बाजूला पर्यटन महामंडळाचं निवास, वनविकास महामंडळाचं निवास, खासगी रिसॉर्ट, गावातले होमस्टे, आणि शेवटी चंद्रपूर शहरातले लॉज. रकाने तीन: भाडं, जेवण, गेटपासूनचं अंतर. पहिल्या नजरेत लॉज जिंकत होता. पण मोहर्ली तिथून तीसेक किलोमीटर. पहाटेची सफारी गाठायची तर अंधारात उठून निघायचं, डिझेल वेगळं, पोरांची झोपमोड वेगळी. म्हणजे भाडं कमी आणि खर्च जास्त. तक्ता पाठवला, तर दादाचा एकच प्रश्न आला: "दोन्ही ड्रायव्हर कुठे झोपतील?"

त्यासाठी माझ्याकडे रकानाच नव्हता.

आजचा लेख त्या सुटलेल्या रकान्याबद्दल आहे. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना मला एवढंच सांगायचं आहे की कुठल्याही दोन गोष्टींची तुलना करताना आकड्याआधी रकाना ठरतो. आणि जो रकाना आपण आखत नाही, त्यातली माणसं आपल्या इतिहासातून गळून पडतात.

आधी सराई

सुरुवात घरापासून करू. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधीचं काही शोधायचं असेल तर 'जालना' नावाची फाईल मागून भागत नाही. बहुतेक तालुके औरंगाबाद जिल्ह्यात होते, परतूर परभणीत, आणि हे सगळं १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणून जालन्याच्या मुक्कामांचा शोध १८८४ च्या औरंगाबाद गॅझेटियरपासून सुरू करावा लागतो. नवखे संशोधक इथेच पहिले दोन महिने घालवतात. मीही घालवले.

जुन्या जालन्यात जमशेद खानाच्या नावावर चार गोष्टी सांगितल्या जातात: काळी मशीद, हम्माम, सराई आणि मोती तलाव. तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांपर्यंत आणलेलं होतं. या चार गोष्टी एकत्र वाचा. दूरवरून आलेल्या व्यापाऱ्याला काय लागतं? अंगावरची धूळ धुवायला पाणी, नमाजाला जागा, माल आणि जनावरं सुरक्षित ठेवायला भिंत, आणि पाठ टेकायला कोठडी. सराई म्हणजे मधे मोठं अंगण, चारी बाजूंनी कोठड्या आणि रात्री बंद होणारा एक दरवाजा. तिची किंमत खोलीच्या भाड्यात मोजता येत नाही, कारण तिथे खोलीपेक्षा त्या दरवाजाचं मोल जास्त होतं.

मग बंगला

१८२७ च्या सुमारास जालन्यात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी वसली आणि १९०३ मध्ये मोडली. त्याच शतकात हिंदुस्थानभर डाक बंगल्यांचं जाळं पसरलं. ठरावीक अंतरावर एक बंगला, खानसामा, ठरलेला दर आणि टेबलावर एक रजिस्टर. नाव, हुद्दा, कुठून आलात, कुठे चाललात. पुढे १८६४ मध्ये वनखातं स्थापन झालं आणि जंगलांमध्येही विश्रामगृहं उभी राहिली. ती मुळात पर्यटकांसाठी नव्हतीच. दौऱ्यावरच्या साहेबासाठी होती. साहेब नसेल तर इतरांना. सरकारी विश्रामगृहात खोली मागायला गेलात तर हा क्रम आजही कळतो.

इतिहासकाराला बंगला आवडतो, कारण बंगला कागद मागे ठेवतो. सराईतल्या माणसांची नावं कुणी लिहून ठेवली? त्यामुळे "प्रवासाचा इतिहास" लिहायला बसलं की नकळत साहेबांच्या प्रवासाचा इतिहास लिहिला जातो. खानसामा कुठे झोपला, टांगेवाला कुठे झोपला, हे त्या रजिस्टरात नसतं.

रजिस्टर खोटं बोलतं तेव्हा

कागद नसणं ही एक अडचण. त्याहून मोठी अडचण म्हणजे कागद असतो, पण त्यात जे लिहिलंय ते खरं नसतं. यासाठी मराठवाड्याबाहेर, बडोद्याला जावं लागेल, कारण याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

१९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आलेला माणूस, पण स्टेशनवर उतरल्यावर प्रश्न एकच: राहायचं कुठे? हिंदूंच्या विशी, म्हणजे खानावळीसारखी हॉटेलं, त्यांना घेणार नव्हत्या. शेवटी एका पारशी मुक्कामगृहात जागा मिळाली. दर रोजचा दीड रुपया. अट अशी की रजिस्टरात पारशी नाव लिहायचं. वरच्या मजल्यावर दुसरं कुणीच नव्हतं. मिणमिणत्या कंदिलाच्या उजेडात ते पुस्तकं वाचत बसत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना जागा सोडावी लागली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडेही सोय झाली नाही. ते कामाठी बागेत बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

हे सगळं त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणात लिहून ठेवलं. ते पुस्तिकेच्या रूपाने १९९० मध्ये छापलं गेलं.

आता समजा, ते टिपण नाही आणि तुमच्या हातात फक्त त्या मुक्कामगृहाचं रजिस्टर आहे. तुम्ही काय लिहाल? "एक पारशी पाहुणा, अकरा दिवस, रोज दीड रुपया." तारीख बरोबर, दर बरोबर, बेरीजही बरोबर. आणि तरीही सगळंच चुकलेलं. दर कागदावर सापडतो, पण नाकारलेला मुक्काम सापडत नाही. तो शोधायचा तर ज्याला दारातून परत पाठवलं त्याचं लिखाण, त्याच्या घरच्या आठवणी, त्याच्या गाण्यांकडे जावं लागतं.

पुन्हा ताडोबा

१९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच वर्षी अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम लागू झाला. त्यात धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना यांची नावं घेऊन प्रवेश नाकारणं गुन्हा ठरवलं होतं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, वर्ष फक्त जुळलं. पण कायद्याला 'सराई' हा शब्द लिहावा लागला, यावरून दारात काय घडत होतं ते कळतं.

पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन काही महिने थांबवलं. त्याच वर्षीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी गाभ्यातल्या कायम पर्यटन-सोयी टप्प्याटप्प्याने हलवायला सांगितलं. त्यामुळे मुक्कामाचा भार गेटबाहेरच्या गावांवर आला. म्हणून माझ्या तक्त्यातली नावं बहुतेक गेटबाहेरचीच होती. आणि याच जंगलातून बोटेझरी, नवेगाव (रामदेगी) यांसारखी गावंही बाहेर हलवली गेली. पाहुणा दोन रात्रींसाठी जंगलाच्या जितक्या जवळ जायला पैसे मोजतो, तिथून कुणीतरी कायमचं उठून आलेलं असतं. "गेटपासून अंतर" हा माझा तिसरा रकाना. मी तो सोयीचा म्हणून आखला होता, आणि तोच सगळ्यात जड निघाला.

दादाच्या प्रश्नानंतर मी परत फोन केले. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला: ड्रायव्हरची सोय काय? कुठे "डॉर्मिटरी आहे", कुठे "गाडीतच झोपतात की". एका होमस्टेच्या मावशी म्हणाल्या, "माणूसच आहे ना तो, घरात झोपेल." आम्ही तिथे राहिलो. तक्त्यात ते ठिकाण भाड्याने तिसरं होतं. रात्री दोन्ही ड्रायव्हर आमच्याच पंगतीला जेवले.

तर तुम्ही रेकॉर्ड रूममध्ये बसाल, तेव्हा कुठलंही रजिस्टर उघडण्याआधी तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. हे कुणी लिहिलं? यात नाव यायला काय अट होती? आणि त्या रात्री, याच छपराखाली किंवा याच अंगणात, नाव न लिहिता कोण झोपलं होतं? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळणार नाही. तरी तो रकाना आखा, आणि रिकामा राहिला तर रिकामाच प्रबंधात ठेवा. गाईड विचारतील, हा रिकामा का? तिथूनच खरी चर्चा सुरू होते.