करवीर राज्याचा समुद्र

वारणाकाठचा प्रदेश समुद्राशी संबंध नसलेला मानला जातो. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेले वारणानगर हे पन्हाळा तालुक्यातील गाव उसासाठी आणि दुधासाठी ओळखले जाते, आणि ज्या वारणेवरून त्याला नाव मिळाले ती नदी सह्याद्रीत उगम पावूनही पश्चिमेकडे पाठ फिरवते, हरिपूरजवळ कृष्णेला मिळते आणि आपले पाणी बंगालच्या उपसागराकडे धाडते. तथापि वारणानगरापासून कोकणचा किनारा सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवरच आहे, आणि या नदीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तहाने भूमीची सीमा ठरवताना समुद्राचीही वाटणी केली होती. इंजिनावर चालणाऱ्या खासगी सहलनौकेतून, म्हणजे मोटर यॉटमधून, हर्णै, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे पाहत जाणाऱ्या आजच्या प्रवाशाला तटबंदी, धक्का आणि त्यालगत नांगरलेल्या मासेमारी नौका दिसतात. ही बंदरे ज्या घाटवाटांच्या जोरावर नांदली त्या मात्र पाण्यावरून दिसत नाहीत, म्हणून त्यांचा इतिहास घाटमाथ्यावरून वाचणे अधिक सोयीचे ठरते.

दक्षिण कोकणातील जुनी बंदरे बहुधा समुद्राच्या तोंडावर नव्हती. भरतीचे पाणी नदीच्या पात्रात जेथवर चढते तेथवर, म्हणजे खाडीच्या शिरोभागी, ती वसत असत. तेथे गलबतातील माल उतरवून बैलांच्या पाठीवर लादता येई आणि घाट जवळ पडे. विजयदुर्गच्या खाडीत बरेच आत असलेले खारेपाटण याचे जुने उदाहरण आहे. तेथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा असून दक्षिण कोकणच्या शिलाहारांची राजधानी बलिपत्तन म्हणजे खारेपाटणच असावे असे अनेक अभ्यासक मानतात. शिलाहारांची दुसरी शाखा घाटावर कोल्हापुरात राज्य करीत होती. या शाखेचा अखेरचा राजा दुसरा भोज याच्याकडे परंपरा पन्हाळ्याचे बांधकाम देते आणि विजयदुर्गचेही देते. दुसऱ्या श्रेयाला शिलालेखाचा आधार दाखवता येत नसला, तरी डोंगरी किल्ला आणि जलदुर्ग एकाच राजाच्या नावावर घालणाऱ्या लोकस्मृतीला भूगोल नीट समजला होता, असे म्हणावे लागते.

पन्हाळा आणि बंदर यांचे नाते सर्वांत स्पष्टपणे दिसते ते १६६० च्या वेढ्यात. आदिलशाही सरदार सिद्दी जौहर याने पन्हाळ्याला वेढा घातला असताना राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि गोलंदाज घेऊन घाट चढून आला आणि इंग्रजांचे निशाण लावून गडावर मारा करू लागला. शिवाजी महाराज जुलैमध्ये पन्हाळ्यावरून निसटून विशाळगडाला पोहोचले, आणि पुढच्याच वर्षी, मार्च १६६१ मध्ये, त्यांनी राजापुरावर छापा घालून वखार खणून काढली व वखारवाल्यांना कैदेत टाकले. हा प्रसंग बहुधा इंग्रजांच्या विश्वासघाताची शिक्षा म्हणून सांगितला जातो आणि तो तसा होताही. परंतु बंदरात उतरलेला दारूगोळा घाटावरच्या गडाशी जाऊन पोहोचू शकत होता, ही बाब शिक्षेपेक्षा महत्त्वाची आहे. राजापूर हे अर्जुना नदीच्या खाडीत समुद्रापासून सुमारे पंचवीस किलोमीटर आत असून अणुस्कुरा घाटाने मलकापूर व कोल्हापूरशी जोडलेले होते. त्या वाटेने मीठ, नारळ, सुकी मासळी आणि अरबी खजूर वर येत, तर धान्य, गूळ व कापड खाली जाई.

शिवाजी महाराजांचे आरमारी धोरण ध्यानात घेतले तर मालवणची निवड वेगळ्या प्रकारची दिसते. तेथे घाटाकडे जाणारी मोठी खाडी नाही. १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले ते तेथील खडकांमुळे: पाण्याखाली लपलेल्या कातळांतून जाण्याची वाट माहीत असलेल्या गाबीत समाजातल्या तांडेलाला, म्हणजे नौका चालवणाऱ्या अनुभवी मुख्य खलाशाला, तेथे आसरा होता आणि अनोळखी गलबताला धोका होता. मुख्य किल्ल्याच्या सोबतीला पद्मगड, राजकोट आणि कोळंबच्या खाडीच्या तोंडावरचा सर्जेकोट उभे राहिले, आणि नौका बांधणे, डागडुजी करणे व पावसाळ्यात त्या सुरक्षित ठेवणे ही कामे या छोट्या ठाण्यांच्या आश्रयाने होऊ लागली.

१७३१ च्या एप्रिलमध्ये सातारचे छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे छत्रपती संभाजी यांच्यात वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेकडचा तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख संभाजींकडे गेला हे कलम शालेय पुस्तकांतूनही येते. त्याच तहात साळशीच्या दक्षिणेकडील अंकोल्यापर्यंतचे कोकण संभाजींनी उपभोगावे, असे ठरले आणि कोप्पळ व रत्नागिरी या किल्ल्यांची अदलाबदल झाली, याकडे सहसा लक्ष जात नाही. साळशी हे देवगडजवळचे गाव. म्हणजे देशावरची सीमा जशी वारणेने आखली, तशी किनाऱ्यावरची रेषा विजयदुर्ग आणि मालवण यांच्या मधून गेली.

या रेषेचे परिणाम दूरगामी झाले. कोल्हापूर, पन्हाळा आणि वारणाकाठाला सर्वांत जवळची बंदरे म्हणजे आंबा घाटाखालचे रत्नागिरी, अणुस्कुऱ्याखालचे राजापूर आणि खारेपाटण-विजयदुर्गची खाडी. ही सगळी रेषेच्या उत्तरेला राहिली, आरमाराचे सरखेल आंग्रे यांच्या ताब्यात होती आणि १७५६ नंतर पेशव्यांकडे गेली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत इंग्रज सेनानी वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेताना तुळाजी आंग्रे यांचे आरमार जाळले. त्याच्या आदल्या वर्षी हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग घेणाऱ्या कमोडोर विल्यम जेम्सच्या स्मरणार्थ लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या पत्नीने बांधलेला मनोरा अजून सुवर्णदुर्गाच्या मोडक्या इंग्रजी नावाने उभा आहे. करवीर, म्हणजे कोल्हापूरच्या, राज्याला मिळाले ते मालवण: उत्तम आसऱ्याचे, पण राजधानीपासून दूर, मध्ये वाडीकर सावंतांचा वैरी मुलूख असलेले. व्यापाराची मोठी वाट मागे नसलेल्या बंदराला उत्पन्नाचे दुसरे साधन शोधावे लागते, आणि मालवणने ते समोरून जाणाऱ्या गलबतांत शोधले. राज्याचा परवाना, म्हणजे दस्तक, नसलेली जहाजे धरून आणण्याला करवीरच्या लेखी सागरी हक्काची बजावणी म्हणत. मुंबईकर इंग्रज तिला चाचेगिरी म्हणत. दोन्ही बाजू एकाच व्यवहाराविषयी बोलत होत्या, फरक बळाचा होता.

१७६५ मध्ये इंग्रजी आरमाराने सिंधुदुर्ग जिंकून त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेवले, परंतु तो सांभाळण्याचा खर्च परवडेना, तेव्हा करवीरच्या कारभारी राणी जिजाबाई यांच्याशी १७६६ मध्ये तह करून आणि भरभक्कम रक्कम घेऊन तो परत दिला. नव्या नावाचे आयुष्य जेमतेम वर्षाचे ठरले. त्यानंतरही मालवणची गलबते समुद्रावर फिरत राहिली. अखेर १ ऑक्टोबर १८१२ च्या करारान्वये कोल्हापूरने मालवण बंदर, सिंधुदुर्ग आणि भोवतालचे किल्ले ईस्ट इंडिया कंपनीला दिले, लढाऊ जहाजे न ठेवण्याचे मान्य केले आणि त्या बदल्यात राज्याच्या संरक्षणाची हमी मिळवली. त्याच सुमारास सावंतवाडीनेही वेंगुर्ले दिले. वारणेच्या तहाने मिळालेला समुद्र करवीरकरांकडे एक्याऐंशी वर्षे राहिला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी राजर्षी शाहू महाराजांनी सिंधुदुर्गावरील शिवराजेश्वर मंदिराला सभामंडप बांधून दिला, तेव्हा ज्या किल्ल्यावर राज्याची सत्ता उरली नव्हती त्याच्याशी घराण्याचे नाते टिकले.

बंदरांच्या ऱ्हासाचे खापर एकट्या इंग्रजांवर फोडण्याची सवय आहे. परंतु खाड्या गाळाने भरत होत्या, आणि त्याला उत्तर नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अरबी तारवे थेट ज्या बंदरात येत असे रत्नागिरी जिल्ह्यातले एकमेव बंदर राजापूर उरले होते, परंतु मोठी नौका जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नव्हती. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली आणि घाटावरच्या गुळाला पूर्वेची, सपाटीची वाट सापडली. बैलांच्या तांड्याने अणुस्कुरा उतरण्याचे कारण संपत आले. खाडीच्या शिरोभागी वसलेली गावे अशा रीतीने मागे पडली आणि समुद्राच्या तोंडावरच्या मासेमारी बंदरांना आगबोटींनी नवे महत्त्व दिले.

या आगबोटी, म्हणजे कोळसा जाळून केलेल्या वाफेवर चालणाऱ्या प्रवासी नौका, मुंबईहून गोव्यापर्यंत बंदरोबंदरी थांबत. थांबत म्हणजे धक्क्याला लागत, असे मात्र नव्हे. बहुतेक ठिकाणी पाणी उथळ असल्याने बोट समुद्रातच उभी राही, किनाऱ्यावरून पडाव नावाच्या रुंद होड्या तिच्या अंगाशी जात, आणि लाटेने पडाव वर उचलला गेला की खलाशी प्रवाशाला दंडाला धरून जिन्यावर ओढून घेत. ट्रंका, आंब्याच्या पेट्या आणि मुले हातोहात चढवली जात. पावसाळ्यात ही गोव्यापर्यंतची वाहतूक बंद असे, जवळच्या मार्गांवर मात्र बोटी जात. मुंबई ते रेवस मार्गावर १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ती याच ऋतूत. रस्ते सुधारत गेले, तशी किनारी प्रवासी सेवा क्षीण होत संपली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली. २०१८ मध्ये मुंबई ते गोवा धावू लागलेली ‘आंग्रिया’ ही सहलबोट कान्होजी आंग्रे यांच्या कुळाचे नाव मिरवीत असली, तरी तिचा प्रवास रात्रीचा होता, त्यामुळे ज्या बंदरांमुळे ते नाव मोठे झाले त्यांच्यासमोरून ती अंधारातच जाई.

मासेमारी मात्र या सर्व उलथापालथीत खंडली नाही. मालवणच्या किनाऱ्यावर ‘रापण’ अजून ओढली जाते: एक होडी लांबच लांब जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडत जाते, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणली जातात, आणि दोन रांगांत उभी राहिलेली माणसे दोर कमरेशी घेऊन पावलापावलाने मागे सरत जाळे वाळूवर आणतात; सापडलेल्या बांगड्याचे, तारलीचे वाटे श्रम आणि जाळ्याची मालकी पाहून पडतात. स्वातंत्र्यानंतर इंजिनाच्या नौका आल्या, त्यांच्यामागून ट्रॉलर आणि मोठ्या घेराने थवेच्या थवे वेढणारी पर्ससीन जाळी आली, आणि रापणकर व यांत्रिक नौकांचे मालक यांच्यातील तंटा इतका वाढला की १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याला पारंपरिक मच्छीमारांसाठी जागा राखावी लागली. मालवणचा सागरी भाग १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तेव्हा त्यालाही स्थानिकांचा विरोध झाला. सहलनौकेतून येणाऱ्याला स्वच्छ निळे दिसणारे हे पाणी हक्कांच्या भांडणाने तेवढे स्वच्छ राहिलेले नाही.

घाटाची वाट मासळीने सोडलेली नाही. जून आणि जुलै या दोन महिन्यांची मासेमारीबंदी उठली आणि नारळी पौर्णिमेनंतर नौका नियमित बाहेर पडू लागल्या, की मालवण, सर्जेकोट आणि देवगडची मासळी बर्फात रचून फोंडा आणि करूळ घाटाने रातोरात कोल्हापूरच्या बाजारात चढते आणि तेथून वारणाकाठच्या गावांपर्यंत पोहोचते. साळशीची रेषा आता कोणाच्या दप्तरात नाही. करवीरचा समुद्र त्या ट्रकांतून येतो.