७९६ दाखले



आज आम्ही तुम्हाला एका शेतकरी घरातल्या गृहिणीची गोष्ट सांगणार आहोत. तिनं सरकारी नोंदवहीतली नावं मागितली, आणि त्यातून अख्ख्या देशाला माफी मागावी लागली.

ही गोष्ट आहे आयर्लंड देशातली. तिथं ट्यूम नावाच्या गावात १९२५ ते १९६१ या काळात एक माता-बाल गृह होतं. इमारत जिल्हा कौन्सिलची, पैसा सरकारचा आणि कारभार ख्रिस्ती नन्सच्या हाती. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना तिथं पाठवलं जायचं. बाळंतपणानंतर वर्षभर बिनपगारी राबायचं, मग मूल तिथंच ठेवून निघून जायचं. मूल परत मिळत नसे.

कॅथरीन कोर्लेस तेव्हा गावच्या शाळेत होत्या. गृहातली मुलं शाळेत वेगळी बसत, उशिरा येत, लवकर जात. एकदा कॅथरीननं चेष्टेनं गोळीचा चकचकीत कागद गुंडाळून त्यातल्या एका मुलीला दिला. आत गोळी नव्हतीच. त्या मुलीचा चेहरा त्यांना पुढं आयुष्यभर विसरता आला नाही.

मोठेपणी गावाचा इतिहास लिहिताना त्यांना प्रश्न पडला, या गृहात वारलेली मुलं पुरली कुठं? १९७५ मध्ये तिथं खेळणाऱ्या दोन पोरांना जमिनीखाली हाडं दिसली होती. दुष्काळातली जुनी हाडं असतील, म्हणून लोकांनी विषय सोडून दिला. कॅथरीनबाईंनी मात्र नोंदणी कार्यालयात मृत्यूच्या नोंदी मागितल्या. एका दाखल्याला ४ युरो, तेही पदरचे. दाखले निघाले ७९६! गावच्या दफनभूमीच्या नोंदींत ही मुलं जवळजवळ नव्हतीच. जुने नकाशे पाहिले, तर हाडं दिसली त्याच जागी पूर्वी सांडपाण्याची टाकी होती.

२०१४ मध्ये ही बातमी जगभर गेली. सरकारनं चौकशी आयोग नेमला. २०१७ मध्ये खोदून पाहिलं, तर जमिनीखालच्या कप्प्यांत खरोखरच तान्ह्या आणि दोन-तीन वर्षांच्या बाळांचे अवशेष निघाले. आयोगानं अशा १८ संस्था तपासल्या. तिथं सुमारे ९,००० मुलं दगावली होती, म्हणजे शंभरातली पंधरा. जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. जुलै २०२५ मध्ये ट्यूमला पूर्ण उत्खनन सुरू झालं. अवशेषांची ओळख पटवून त्यांना सन्मानानं दफन करायचं, हा त्यामागचा हेतू.

सख्यांनो, त्या बाळांना कुणी खांदा दिला नाही, दगडावर नाव कोरलं नाही. पण कुणीतरी कारकुनानं मृत्यूची नोंद केली होती. ती नोंद नसती, तर कॅथरीनबाईंच्या हाती काहीच लागलं नसतं.

आपल्याकडंही तान्हं बाळ गेलं की "त्याचं काय लिहायचं?" असं म्हणून गप्प बसतात. तसं करू नका. बाळ तासभर जगलं असलं, तरी जन्म आणि मृत्यू, दोन्हींची नोंद करा. २१ दिवसांत, ग्रामपंचायतीत. आईला एकटीला जायचा धीर होत नसेल, तर गटातल्या दोघी-तिघी तिच्यासोबत जाऊ या.